आधी पहिला डोस, मग गाडी

आज पदवी हाती घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्यातले काही जण आपल्या घरातले पहिले डॉक्टर आहेत, काही जण तर आपल्या गावातले पहिले. ज्यांनी तुम्हाला इथवर आणलं त्या आईवडिलांना माझा आधी नमस्कार.

आता थोड्याच दिवसांत तुमच्यापैकी बरेच जण सरकारी सेवेच्या बॉण्डच्या वर्षासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांवर रुजू होतील. कोणी मोखाड्याकडे, कोणी धडगावला, कोणी धारणीच्या पुढे, कोणी भामरागडात. या वर्षाबद्दल होस्टेलमध्ये काय बोललं जातं ते मी ऐकून आहे. पीजीच्या अभ्यासाचं काय, क्वार्टरला पाणी तरी असेल का, एकट्याने रात्र कशी निभवायची? या काळज्या खऱ्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मी पुढे बोलणार आहे. पण त्याआधी एक प्रश्न तुमच्या हाती देतो. समोर आलेल्या रुग्णाला पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा : याच्यासाठी इथे, या क्षणी, काय करता येईल?

कागदावर आपली व्यवस्था चांगली आखलेली आहे. सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५,००० किंवा ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय. पण देशभरातल्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर जितके तज्ज्ञ हवेत, त्यांतल्या दहापैकी सुमारे आठ जागा भरलेल्याच नाहीत. म्हणून होतं काय? पीएचसीतून आरएचला चिठ्ठी, आरएचमधून जिल्ह्याला चिठ्ठी, तिथून मेडिकल कॉलेजला. प्रत्येक दारात तास-दोन तास जातात. अंगात विष भिनत असतं, बाळंतिणीचं रक्त जात असतं, आणि नातेवाइकांच्या हातात चिठ्ठ्या जमत असतात. कितीतरी मृत्यू असे वाटेत होतात आणि त्यांचं कारण अनेकदा पहिल्या दारात काही न करता पुढे पाठवणं हे असतं.

सर्पदंशाचंच पाहा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या आपल्याकडच्या चारही प्रमुख विषारी सापांवर एकच लस चालते आणि ती पीएचसीत ठेवायची असते. घोणस किंवा फुरसं चावल्याने रक्त गोठेनासं झालं आहे का, हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. कोरडी, स्वच्छ काचेची परीक्षानळी घ्या, त्यात थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवा आणि मग नळी तिरकी करा. रक्त गोठलं नसेल तर निर्णय झाला. लस द्यायला भीती वाटते, कारण तिची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरून उशाशी ठेवा आणि लस सुरू करा. बाळंतपणातही तसंच : गर्भवतीला झटके येत असतील तर मॅग्नेशियम सल्फेट द्या. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर ऑक्सिटोसिन द्या, गर्भाशय चोळा. त्यानंतर १०८ ला फोन करा आणि पुढच्या डॉक्टरशी स्वतः बोला. आधी पहिला डोस, मग गाडी. एवढा एक नियम राज्यातल्या प्रत्येक पीएचसीने पाळला, तरी कितीतरी घरं उद्ध्वस्त होण्यापासून वाचतील.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जागी वैद्यकीय बुद्धीला काय वाव? याचं उत्तर महाडजवळच्या बिरवाडीत मिळतं. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर तिथल्या पीएचसीत रुजू झाले. कोकणात भातकापणी, लाकूडफाटा, कौलं चाळणं अशा कामांत लाल विंचू चावायचा आणि धडधाकट माणूस काही तासांत दगावायचा. गंभीर दंशाच्या रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस जात. पाठ्यपुस्तकात यावर उपचार सोडाच, नीट वर्णनही नव्हतं. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात भरणारं पाणी हा क्रम त्यांनी टिपला. हृदयावर येणारा हा भार उतरवायचा असेल तर रक्तवाहिन्या सैल करणारं औषध हवं, या तर्काने ते प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीपर्यंत पोहोचले. १९८२ आणि १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचं काम छापलं. जिथे हे उपचार वेळेत मिळाले तिथे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. हा शोध महाडला लागला, कारण तो रुग्ण महाडलाच होता. मुंबईच्या अतिदक्षता विभागापर्यंत जिवंत पोहोचणारे थोडेच असत.

गडचिरोलीची कथा याहून एक पाऊल पुढे जाते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग १९८६ मध्ये तिथे गेले. बायकांच्या आजारांबद्दल तेव्हा बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे फारसं कोणी विचारत नव्हतं. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. अंगावरून जातं हे त्या वर्षानुवर्षं सोसत होत्या आणि वैद्यकाने ते ऐकलं नव्हतं. १९८९ चा हा अभ्यास जगभर वाचला गेला.

मग प्रश्न आला नवजात बाळांचा. बाळ घरी जन्मायचं आणि घरीच जायचं. बाळंतीण आणि बाळ घराबाहेर काढायची नाहीत ही रीत, शिवाय दवाखाना दूर. तेव्हा बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेने उपचारच घरी नेले. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या. इंजेक्शन आणि तेही गावच्या बाईच्या हाती, यावर तज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला. ३९ गावांत हे काम झालं होतं आणि इतर ४७ गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. २०११ पासून हीच पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली. आज दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला पाहायला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्याची मुळं गडचिरोलीच्या त्या झोपड्यांत आहेत.

म्हणून तुमच्या केंद्रावरची सर्वांत महत्त्वाची माणसं कोण, ते पहिल्याच दिवशी ओळखा. उपकेंद्राच्या सिस्टरला ठाऊक असतं की पावसात कोणता पाडा तुटतो, कोणत्या घरातली सून ऑगस्टमध्ये बाळंत होणार आहे आणि तिचं हिमोग्लोबिन किती आहे. मे महिन्यात तिच्याशेजारी बसून या सगळ्याची यादी करा. जोखमीच्या बायांना पाऊस लागण्याआधी केंद्राजवळ आणून ठेवा. आदिवासी भागातल्या पीएचसींमध्ये त्यासाठीच माहेरघर योजना आहे. आशाताई रात्री अकराला एखाद्या बाईला घेऊन आली, तर 'एवढ्या उशिरा का आणलं' असं तिला सर्वांदेखत बोलू नका. त्या एका वाक्याने पुढची बाई येणारच नाही. मेळघाटात घरचे आधी भुमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे जातात. त्याला हिणवाल तर लोक तुमच्यापासून लपवतील. त्याच्याशी नीट बोलाल तर तोच 'हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात ने' म्हणेल.

जामखेडला डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे १९७० मध्ये आले, तेव्हा महत्त्वाची माणसं गावातच असतात, हे त्यांनीही ओळखलं. गावातल्या, बहुतांशी निरक्षर आणि अनेकदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. हातपंप दलित वस्तीत बसले, तेव्हा इतरांनाही पाण्यासाठी तिथे यावं लागलं. जातीचा प्रश्न आणि जुलाबाचा प्रश्न एकाच पाण्याशी येऊन मिळतात, हे त्यांनी कामातून दाखवलं. तुम्हीही ओपीडीत जुलाबाचं पोर पाहाल तेव्हा ओआरएस देऊन थांबू नका. ते पाणी कुठून आणतात, ते विचारा. एकाच वाडीतून तिसरं पोर आलं, तर ती वाडी पाहून या.

आता व्यासपीठावरच्या मान्यवरांशी थोडं बोलतो. या मुलामुलींकडून आपण फार मागतो, तेव्हा त्यांना देण्याचीही आपली जबाबदारी आहे. क्वार्टरला दार, दिवा आणि पाणी असलं पाहिजे. एकट्या महिला डॉक्टरला रात्री सुरक्षित वाटलं पाहिजे. लस आणि ऑक्सिटोसिन संपण्याआधी साठा आला पाहिजे. मृत्यू झाला की पहिल्यांदा चौकशीची नोटीस जाते. त्याऐवजी काय कमी पडलं हे विचारणारा वरिष्ठ आला पाहिजे. आशांचं मानधन महिनोन्‌महिने थकता कामा नये. आणि प्राध्यापकांनो, आपल्याला एक कळकळीची विनंती आहे. या वर्गातल्या कोणाचा भामरागडाहून रात्री दोन वाजता फोन आला, तर तो उचला. त्या पाच मिनिटांत तुम्ही जे सांगाल ते तुमच्या पाच वर्षांच्या व्याख्यानांइतकंच मोलाचं असेल. या महाविद्यालयाने आपल्या बॉण्डवरच्या डॉक्टरांसाठी प्रत्येक विभागाचा एक नंबर चोवीस तास चालू ठेवावा, अशी मी जाहीर मागणी करतो.

सहकाऱ्यांनो, तुमच्यातले बहुतेक जण वर्षभराने परत येतील. सर्जन व्हाल, बालरोगतज्ज्ञ व्हाल, रेडिओलॉजिस्ट व्हाल. त्यात काही गैर नाही. जिल्हा रुग्णालयांनाही तुमची गरज आहे. पण ते एक वर्ष नुसतं काढू नका. एक वही ठेवा. तुमच्या भागात कोण, कशाने, कोणत्या महिन्यात आजारी पडतं आणि कोण वाटेत गेलं, ते लिहा. बावस्करांनी आणि बंगांनी सुरुवात अशीच नोंदींपासून केली. उद्या शहरात बसाल तेव्हा खेड्यातून चिठ्ठी घेऊन आलेल्या रुग्णाला, 'तिथल्या डॉक्टरला काही कळत नाही' असं म्हणू नका. त्या डॉक्टरला फोन करा, रुग्ण कसा आहे ते सांगा, पुढच्या वेळी काय करता येईल ते सांगा. गावातली आरोग्यसेवा सुधारायची असेल तर शहरातल्या डॉक्टरनेही तिचा भाग व्हावं लागेल.

आणि जे तिथेच राहायचं ठरवतील, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे : तुमचं वैद्यक दुय्यम नाही. लोकांच्या सर्वांत जवळ उभं राहून केलेलं ते वैद्यक आहे आणि आपल्या राज्याला त्याचीच सर्वांत जास्त गरज आहे.

रुजू व्हाल त्या दिवशी, सही करण्याआधी, औषधांचं कपाट स्वतः उघडा. सर्पदंशाची लस, मॅग्नेशियम सल्फेट, ऑक्सिटोसिन आणि अ‍ॅड्रेनलिन आहे का, मुदतीत आहे का, ते पाहा. नसेल तर त्याच दिवशी मागवा. तुमचं काम तिथूनच सुरू होतं.