फासा उघड्यावर टाका

(रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मॅट्रिक झालेला माणूस. दिवसा गोदीत गोणी वाहतो, रात्री कविता लिहितो. आज मला खेळावर बोलायला उभं केलंय. मागं बसलेले दोघंतिघं हसतायत. हसू द्या. त्यांचं म्हणणं, खेळ म्हणजे पोट भरलेल्यांच्या पोरांची चैन. असेल बाबा. कविता तरी कुणाची चैन होती? ती आपण घेतलीच ना ओढून.

मुद्दा सरळ आहे. आपण रविवारी जो रोल प्लेइंग गेम मांडतो, त्यात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, फासे आणि नियमांचं बाड गटारात टाका. ज्याला गोष्ट झकास सांगता येते त्याला मास्तर करा. बाकीच्यांनी आपण काय करतो ते बोलावं, पुढं काय झालं ते मास्तरनं सांगावं. नियम म्हणजे बेडी. ऐकायला बरं वाटतं. मी त्याच्या विरुद्ध बोलणार आहे.

नव्यांसाठी दोन ओळी. चारपाच जण बसतात. प्रत्येकजण एक माणूस घेतो: चोर, शिपाई, वैदू, काय वाटेल ते. एकजण मास्तर. तो समोर काय आहे ते सांगतो, तुम्ही काय करता ते तुम्ही सांगता. जिथं निकालाची खात्री नाही तिथं फासा. हरणं-जिंकणं नाही.

सापशिडीत तुम्ही काय करता? काही नाही. फासा पडला, सोंगटी सरकली. तुमच्या जागी माकड बसवलं तरी खेळ चालेल. बुद्धिबळात डोकं लागतं, पण प्याद्याला ‘मी नाय जात पुढं’ असं म्हणता येत नाही. या खेळात येतं. राजाचा खलिता घेऊन निघालेला शिपाई खलिता फाडून शत्रूकडं जाऊन बसू शकतो. आणि मग सगळी गोष्ट त्याच्या मागं वळते. याला मी खेळाडूचं कर्तेपण म्हणतो. इंग्रजीवाले एजन्सी म्हणतात, पण आपल्याकडं एजन्सी म्हटलं की गॅसची आठवते.

हे कर्तेपण कुणा पंडितानं शोधलं नाही. खेळाडूंनी दंगा करून मिळवलं. 1969 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेसली नावाच्या माणसानं नेपोलियनच्या काळातली लढाई मांडली. ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव. फौजांचे सेनापती तर वाटलेच, गावातली माणसंही वाटून दिली. लढाईला तोंड फुटण्याआधीच खेळाडू कोपऱ्यात जाऊन कट शिजवायला लागले, एकमेकांना भिडले, लढाई राहिली बाजूला. वेसलीला वाटलं, खेळ फसला. खेळाडूंनी विचारलं, परत कधी? त्यांच्यातलाच डेव्ह आर्नेसन. नंतरच्या एका खेळात हा पठ्ठ्या घरून सीआयएचं खोटं ओळखपत्र बनवून घेऊन आला आणि सगळ्यांना गुंडाळलं. कुठल्या नियमात होतं हे? कुठल्याच नाही.

आता समोरचा तट टाळ्या वाजवणार: बघा, नियम नव्हतेच! थांबा जरा. ती एकमेकांना ओळखणारी, बरोबरीनं हुज्जत घालणारी माणसं होती. एकानं तोंड उघडलं की दुसरा ऐकून घ्यायचा. आपल्या सतरंजीवर काय होतं? गेले सहा रविवार बघतोय. कॉलेजात जाणारा मित्र म्हणतो, मी राजाला पटवतो, आणि दोन मिनिटं फर्डं बोलतो. मास्तर म्हणतो, राजा पटला. माझ्या टोळीतला, आठवीत शाळा सुटलेला पोरगा म्हणतो, मी पण पटवतो, आणि अडखळतो. मास्तर म्हणतो, राजा हसला. दोघांच्या कागदावर बोलण्याच्या कसबाचा आकडा एकच: अधिक 3. मग हा आकडा कशाला लिहिला होता? तोंड पुसायला?

नियमानं चाललं असतं तर काय झालं असतं ते सांगतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या आवृत्तीचा हिशेब घ्या. वीस बाजूंचा फासा, पडेल त्यात 3 मिळवायचे, आणि काम मध्यम म्हणून मास्तरनं लक्ष्य ठेवलं 15. म्हणजे 12 किंवा वर पडायला हवं. 20 पैकी 9 आकडे चालतात, शंभरात 45. कॉलेजवाल्याला 45, आठवीवाल्यालाही 45. फाशाला शुद्धलेखन येत नाही.

फासे फेकून द्यायची कल्पना नवी नाही, हेही ऐकून ठेवा. 1824 साली प्रशियात रायस्विट्झ नावाच्या लेफ्टनंटनं नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम काढले. त्यात फासे होते, कोष्टकं होती आणि मधे पंच होता. 1876 साली फेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्यानं सांगितलं, कोष्टकं राहू द्या, पंच अनुभवी आहे, तो म्हणेल तो निकाल. सैन्यात हे खपतं. तिथं वरच्यानं बोलायचं आणि खालच्यानं टाचा जुळवायच्या, हाच रिवाज. आपल्याला तो इथं आणायचाय का?

गोदीतली एक गोष्ट. धक्क्यावर बोर्ड होता, मराठीत, मोठ्या अक्षरात: लटकत्या मालाखाली उभं राहू नये. एका पाळीला घाई होती. मुकादम म्हणाला, जा रे खाली, काय होत नाय. आम्ही तोंडानं काही बोललो नाही. टोळीतल्या एकानं बोर्डाकडं बोट दाखवलं. मग दुसऱ्यानं. मुकादम लाल झाला, पण बोर्ड त्याच्याच मालकानं लावला होता. स्लिंग रिकामं उतरेपर्यंत एकही माणूस हलला नाही. बोर्ड नसता तर आमच्याकडं दाखवायला काय होतं? म्हणून म्हणतो, नियम कमजोराच्या हातात असतो तेव्हा त्याची बेडी नसते.

अट एकच, नियम सगळ्यांना दिसला पाहिजे आणि मास्तरलाही लागला पाहिजे. कितीतरी मास्तर समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात, त्यामागं फासा टाकतात आणि मनाला येईल तो आकडा सांगतात. आणखी एक चलाखी. तिठ्यावर मास्तर विचारतो, डावीकडं जाता की उजवीकडं? तुम्ही भांडून, मतं घेऊन डावीकडं जाता. राक्षस भेटतो. उजवीकडं गेला असता तरी तोच राक्षस तिथंच उभा होता. साला, मुकादमही असंच विचारतो, तीन नंबरला जातो का पाच नंबरला? दोन्हीकडं तीच पन्नास किलोची सिमेंटची गोण. फाशांचं नाव निघालं की मला कौरवांची सभा आठवते. फासे शकुनीच्या हातात, आणि द्रौपदीनं विचारलेला प्रश्न नियमाचाच होता: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क उरतो का? सभेतल्या म्हाताऱ्यांनीही सरळ उत्तर दिलं नाही.

मात्र छापलेला नियम म्हणजे देववाणी, असंही मी म्हणत नाही. तो कोण लिहितो ते बघायचं. 1974 साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स निघाला, गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांचा. पहिली छपाई हजार प्रतींची. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी 1970 मध्ये गेली होती आणि तो घरी बूट दुरुस्त करून पोट भरत होता. आपल्याकडं हे काम माणसाच्या जन्मालाच चिकटवतात. त्यानं ते धंदा म्हणून धरलं आणि सोडलं. पण त्याच्याच पहिल्या पुस्तकात बुटका जन्मला तर तो फक्त लढवय्या, तोही सहाव्या पायरीपर्यंत. हॉबिट असेल तर चौथीवर थांबा. माणूस असेल तर वर मोकळं आभाळ. 1978 च्या पुस्तकात बाईच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची मर्यादा घातली. खेळाडू कितीही डोकं लढवो, छत जन्मानंच ठरलेलं. आपल्याला हा नियम कुणी समजावून सांगायची गरज नाही. 2000 च्या आवृत्तीत पायऱ्यांची ती छतं गेली. 2024 च्या पुस्तकात ‘रेस’ हा शब्द गेला आणि जन्मामुळं मिळणारे जादा गुणही गेले. पन्नास वर्षं लागली. तीही खेळणारे ओरडत राहिले म्हणून.

त्याच गायगॅक्सची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. ‘सेव्हिंग थ्रो’ म्हणजे वाचण्यासाठीचा फासा. खडकाला साखळदंडानं बांधलेला माणूस, समोर आग ओकणारा ड्रॅगन. त्यालाही हा फासा का द्यायचा? 1979 च्या पुस्तकात त्यानं याचं उत्तर दिलंय. त्याचं म्हणणं, का नाही द्यायचा? खडकात भेग असेल, साखळीची कडी कच्ची असेल. आधी फासा टाकू द्या, कसा वाचला ते मग शोधा. मास्तरला वाटलं हा मेला, म्हणून तो मरत नाही.

आणि नियम नुसते वाचवतात असं नाही, ते दाखवतातही. लियाम बर्कचा ‘डॉग ईट डॉग’ नावाचा खेळ आहे, पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या परकी सत्तेबद्दल. एकजण सत्ता, बाकीचे बेटावरचे लोक. सत्ता कोण होणार? बसलेल्यांत जो सगळ्यात पैसेवाला, तो. पहिलाच नियम असा की बेटवाले कमी प्रतीचे. प्रत्येक प्रसंगानंतर बेटवाल्यांनीच त्यातून काय शिकलो त्याचा एक नवा नियम लिहायचा. आपल्या हातानं. तिथं कर्तेपण मुद्दामच आवळून ठेवलंय आणि ते कुणी आवळलं हे पाटावर उघड दिसतं. हा खेळ आपण खेळला पाहिजे, पण आधी दुसरा.

व्हिन्सेंट बेकरचा ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ 2010 साली आला. तिथं मास्तर फासा टाकतच नाही. फासे सगळे खेळाडूंचे. सहा बाजूंचे दोन साधे फासे, बेरीज 10 किंवा वर तर मनासारखं. 7 ते 9 तर जमतं, पण किंमत मोजून. 6 किंवा खाली तर मास्तरची पाळी, आणि त्यानं त्या पाळीत काय काय करायचं त्याचीही यादी छापलेली. 36 शक्यतांपैकी 15 मधल्या गटात पडतात. म्हणजे बऱ्याचदा काम होतं आणि वर काहीतरी द्यावं लागतं. आपल्या वस्तीत वाढलेल्याला हा हिशेब नवा नाही.

तर माझं म्हणणं, पुढल्या रविवारी हा मांडू. वीस बाजूंचा फासा कुठं मिळतो ते शोधत फिरायला नको, लुडोतले दोन फासे बास. मास्तरची यादी मी मराठीत उतरवली आहे, भिंतीवर चिकटवतो. मास्तर म्हणून मी त्या आठवीवाल्या पोराचं नाव सुचवतो. तो नको म्हणतोय, ते मला माहीत आहे. कॉलेजवाल्या मित्रानं त्याच्या शेजारी बसावं, पण यादीत नाही असं काही झालं तरच तोंड उघडावं. कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला, चहा येईपर्यंत वेळ आहे.