शेवटचा बाण उडाल्यावर

‘शोभेची दारू’ हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. जी दारू एरवी तोफेत ठासायची, तीच सणासुदीला शोभेसाठी जाळायची! हा शौक आपल्याकडे जुना आहे. पेशव्यांच्या बखरीत अशी हकीकत येते की, कोट्याच्या दिवाळीत दारूकामाची लंका जाळतात, तिचे वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना ऐकवले. तरुण पेशव्यांना ती पाहण्याची इच्छा झाली, आणि मग पुण्यात पर्वतीच्या परिसरात तसा देखावा उभा करविण्यात आला. दारूचे राक्षस, दारूची वानरे, दारूचाच मारुती, आणि त्याच्या शेपटीने पेटलेली लंका!

दोन शतके उलटली, तरी लंका जळायची थांबलेली नाही. आपल्या नाशकात दसऱ्याच्या संध्याकाळी पंचवटीत गोदाकाठी रावणाचा उंच पुतळा उभा राहतो. त्याच्या पोटात फटाके भरलेले असतात. अंधार पडला की तो पेटतो, आणि हजारो माणसे, कडेवर पोरे घेऊन, तो सोहळा पाहतात. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या सोहळ्याच्या बंदोबस्ताविषयी. सोहळा बंद करा, असे सांगायला मी आलेलो नाही. मला एवढेच सांगायचे आहे की, आतषबाजीतला मोठा धोका आपण आकाशात शोधतो आणि तो असतो आपल्या पायांखाली, परतीच्या वाटेवर.

आधी दारूचेच बघू. सोरा, कोळसा आणि गंधक, हीच तिची मूळ त्रयी. शंभर भागांत सोरा पंचाहत्तर, कोळसा पंधरा, गंधक दहा. लाल रंगाला स्ट्राँशियमचे क्षार, हिरव्याला बेरियमचे, निळ्याला तांब्याचे, पिवळ्याला सोडियमचे. हे सारे कागदाच्या वेष्टनात कोंबलेले असते, आणि एका ठिणगीचाच अवकाश असतो. म्हणून कायदाही जुना आहे. १८८४ साली स्फोटकांचा कायदा झाला. त्याखालचे आजचे नियम २००८ सालचे आहेत, आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरास आहे.

हे नियम वाचायला रूक्ष आहेत, पण त्यांतल्या प्रत्येक आकड्यामागे कारण आहे. फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांत निदान तीन मीटरांचे अंतर हवे. दुकानांची तोंडे समोरासमोर नकोत. एका ठिकाणी पन्नासांहून जास्त दुकाने नकोत. आणि दुकानापासून पन्नास मीटरांच्या आत आतषबाजी करायची नाही. ‘एवढे कशाला?’ असे कुणाला वाटेल. २०१६ साली, ऐन दिवाळीत, २९ ऑक्टोबरला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जिल्हा परिषदेच्या मैदानावर फटाक्यांचा बाजार पेटला. एका दुकानाची आग दुसऱ्याला लागली, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि शंभरांहून अधिक दुकानांची बघता बघता राख झाली. मधली मोकळी जागा म्हणजे जागेची उधळपट्टी नव्हे. आगीला अडवणारी तीच एक भिंत असते.

त्याच वर्षी १० एप्रिलला केरळात परवूरच्या पुट्टिंगल मंदिरात याहून भयंकर प्रकार घडला. तिथे आतषबाजीच्या चढाओढीची परंपरा होती. जिल्हा प्रशासनाने त्या वर्षी परवानगी नाकारली होती, तरीही दारू उडाली. एक ठिणगी साठ्याच्या कोठीत पडली आणि शंभरांहून अधिक माणसे दगावली. दारू उडवण्याची जागा, दारू ठेवण्याची जागा आणि माणसे उभी राहण्याची जागा, या तीन जागा एकमेकींपासून दूर हव्यात. पुट्टिंगलला त्या एकाच आवारात होत्या.

दूर म्हणजे किती? आकाशात फुटणाऱ्या गोळ्यांसाठी अमेरिकेत एक सोपा हिशेब वापरतात. गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे सत्तर फूट. तीन इंचांचा गोळा असेल तर प्रेक्षक दोनशे दहा फूट लांब, सहा इंचांचा असेल तर चारशे वीस फूट. म्हणजे मैदान आधी मोजायचे आणि त्यावरून गोळा ठरवायचा. आपल्याकडे बहुधा उलटे होते. माल आधी येतो आणि जागा मागून बघतात. वाऱ्याचाही विचार आधी हवा, कारण न जळालेला निखारा वारा नेईल तिकडे जातो. आणि जो गोळा उडालाच नाही, त्याच्यापाशी लगेच जायचे नाही. त्याला वेळ द्यायचा, पाण्याने भिजवायचा, आणि जाणत्या माणसानेच उचलायचा. सकाळी मैदानावर न फुटलेले बार वेचणाऱ्या पोरांना हे कोण सांगणार? ते काम आयोजकांचेच.

इतके सगळे नीट केले, तरी निम्मेच काम झाले, असे इतिहास सांगतो. १७७० साली ३० मे रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सच्या युवराजाच्या लग्नाप्रीत्यर्थ मोठे दारूकाम झाले. देखाव्याला आग लागली खरी, पण माणसे मेली ती चौकाबाहेरच्या रस्त्यावर, चेंगरून. १३२ मृतांची नोंद झाली. जपानात आकाशी नावाच्या गावी २००१ सालच्या २१ जुलैला समुद्रकाठी आतषबाजी झाली. ती अगदी सुरळीत पार पडली. पण स्टेशनाकडे जाणारा पादचारी पूल सहा मीटर रुंद आणि त्याचा जिना तीन मीटर! घरी निघालेले आणि अजून येत असलेले तिथे एकमेकांना भिडले. अकरा जण गेले. त्यांत नऊ मुले होती. आणि २०१८ सालचा दसरा आठवा. १९ ऑक्टोबरला अमृतसरला रावण पेटला, लोक रुळांवर उभे होते, फटाक्यांच्या आवाजात गाडी ऐकूच आली नाही. सुमारे साठ माणसे गेली. या तिन्ही ठिकाणी माणसे दारूच्या स्फोटाने मेली नाहीत. पाय ठेवायला सुरक्षित जागा कुठे, याचा विचार कुणी केला नव्हता, म्हणून मेली.

आपल्याला तर हे परगावच्या लोकांनी शिकवण्याचीही गरज नाही. २००३ सालच्या सिंहस्थात, २७ ऑगस्टला, पंचवटीत सरदार चौकाजवळच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि एकोणचाळीस भाविक प्राणास मुकले. तिथे तर एकही बाण उडाला नव्हता. पुढे २०१५ च्या सिंहस्थात मार्ग आणि बंदोबस्त बदलले, आणि पर्वण्या तशा प्रसंगाविना पार पडल्या. म्हणजे नियोजनाने फरक पडतो, हेही आपल्याच गावात सिद्ध झालेले आहे.

आता थोडा हिशेब करू. सपाट वाटेवरून, एक मीटर रुंदीतून, मिनिटाला फार तर ऐंशी माणसे नीट जाऊ शकतात. पायऱ्यांवरून त्याहूनही कमी. समजा, वीस हजार लोक जमले आहेत आणि बाहेर पडायला चार मीटरांची एकच गल्ली आहे. मिनिटाला तीनशे वीस माणसे, म्हणजे सगळे बाहेर पडायला तासाभराहून जास्त वेळ लागणार. पण शेवटचा बाण उडाल्यावर तासभर थांबायची कुणाची तयारी असते? सगळ्यांना पहिली रिक्षा हवी असते. एका चौरस मीटरात पाच-सहा माणसे कोंबली गेली की गर्दी पाण्यासारखी वाहू लागते, आणि मग एकट्या माणसाच्या इच्छेला तिथे काही किंमत उरत नाही.

मोठ्या करमणूक-उद्यानांना याबाबतीत एक सोय असते. तिथे फाटक असते, तिकीट असते, आत किती माणसे आहेत ते कळते, आणि जागा भरली की फाटक लावता येते. घाटाला फाटक नाही. तो सगळ्यांचा आहे, आणि तसाच राहिला पाहिजे. म्हणूनच घाटावरच्या आयोजकाने त्या उद्यानवाल्याहून जास्त आधी विचार केला पाहिजे. येण्याची वाट आणि जाण्याची वाट वेगळी ठेवावी. जाण्याच्या वाटेवर फुगेवाला, भेळवाला, उभी केलेली दुचाकी, काही नको. दिवे जाण्याच्या वाटेवर जास्त हवेत. अग्निशमनाची गाडी आणि रुग्णवाहिका यांचा रस्ता लोकांच्या रस्त्यापासून निराळा हवा. आणि सर्वांत मोठा बार अगदी शेवटी ठेवू नये. त्यानंतर थोडी भजने होऊ द्यावीत, शाहिराचा डफ वाजू द्यावा. ज्यांना घाई आहे ते निघतील, ज्यांना नाही ते रेंगाळतील, आणि गर्दी आपोआप पातळ होईल. याला फारसा खर्च नाही.

कुणी म्हणेल, ‘अहो, दरवर्षी होतंच की! आजवर काही झालंय का?’ दरवर्षीच्या कार्यक्रमाचा धोका नेमका हाच. सवयीने भीती मोडते, पण गल्ली काही रुंद होत नाही. आणि गावात माणसे वाढतच असतात.

आणखी एक गोष्ट. २०१८ सालच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांविषयी निकाल देताना, ठरावीक जागी सामुदायिक आतषबाजी करण्याचा मार्ग अजमावावा, असे सुचवले. मला ते पटते. दारादारात, रुग्णालयाच्या भिंतीशी, गवताच्या गंजीशेजारी हजार ठिकाणी दारू जाळण्यापेक्षा जाणत्या हातांनी एका ठिकाणी उडवावी, सगळ्यांनी मिळून पाहावी. धूर कमी, आवाज कमी, भाजलेले हातही कमी. पण मग ती एक जागा निर्धोक असलीच पाहिजे, कारण सारा गाव तिथे येणार.

तेव्हा या वर्षी दसऱ्याला जाल तेव्हा जरूर जा, पोराबाळांना घेऊन जा. पोहोचल्यावर आधी मागे वळून बघा, परत कुठून जायचे ते. लहान मुलाच्या खिशात नाव आणि फोनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते घरीच ठरवा. उजेड आणि आवाज एकदमच आले तर तुम्ही फार पुढे आहात असे समजा, आणि दाटी होण्याआधी मागे सरा. रावण पडला की लगेच धावू नका, दहा मिनिटे बसा. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘शेवटचा बाण उडाल्यावर आम्ही कुठून जायचं?’ त्यांनी चटकन हात करून वाट दाखवली, तर खुशाल बसा. ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, तर तिथून निघा, आणि रावण घराच्या गच्चीवरून पाहा.