खलनायकाच्या जागी बसून पाहताना

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "दहा मिनिटं आवडीच्या विषयावर बोल, पण कॉम्प्युटरचं काही नको." तेव्हा दिवसभर मी बँकांसाठी जे सॉफ्टवेअर लिहिते, त्यावर एक शब्दही बोलणार नाही. रात्री जेवणं आवरल्यावर मी व्हिडिओ गेम खेळते, त्यावर बोलणार आहे. मागच्या रांगेतून हसू ऐकू येतंय. ही मंडळी शाळेतही मागच्याच रांगेत असायची.

माझा विषय आहे गेममधले खलनायक, आणि त्यातही ज्यांचा राग करता करता आपला हात अडखळतो असे खलनायक.

सुरुवातीच्या गेममध्ये हा प्रश्नच नव्हता. १९७८ साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. वरून परग्रहावरचे हल्लेखोर रांगेने उतरायचे आणि आपण त्यांना खालून गोळ्या घालायच्या. हल्लेखोर जसजसे कमी होत, तसतसा उरलेल्यांचा वेग वाढायचा. खेळणाऱ्याला वाटायचं, आता हे चवताळले. खरी गोष्ट साधी होती. चित्रं कमी झाली की प्रोसेसरचं काम हलकं व्हायचं आणि उरलेली चित्रं तो भराभर काढायचा. गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं. म्हणजे शत्रूचा तो राग मशीनच्या मर्यादेतून आलेला होता. त्या शत्रूला नाव नाही, घर नाही, आई नाही. त्याला मारताना वाईट वाटायचं कारणच नाही.

आता २०१३ सालच्या 'द लास्ट ऑफ अस'कडे येऊ. ज्यांना हा गेम खेळायचा आहे त्यांनी कानांवर हात ठेवावेत, कारण मी शेवट सांगणार आहे. आणि मुलांच्या हाती देण्याआधी लक्षात ठेवा, गेम मोठ्यांसाठी आहे, त्यात हिंसा पुष्कळ आहे.

जगात साथ पसरलेली आहे. साथीच्या पहिल्याच रात्री जोएलची मुलगी त्याच्या हातांत प्राण सोडते. वीस वर्षांनंतर एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला अमेरिकेच्या एका टोकाहून दुसरीकडे पोचवायचं काम त्याच्यावर येतं. एलीला या रोगाची बाधा होत नाही. तिच्यापासून लस करता येईल अशी डॉक्टरांना आशा असते, पण त्या शस्त्रक्रियेत ती जगणार नाही. जोएल हॉस्पिटलमध्ये घुसतो, वाटेत येईल त्याला मारतो, सर्जनलाही मारतो आणि बेशुद्ध एलीला उचलून नेतो. नंतर तिच्याशी खोटं बोलतो. हे सगळं आपण स्वतः बटण दाबून केलेलं असतं, आणि करताना मनात एकच विचार असतो, पोरगी वाचली पाहिजे.

२०२० साली दुसरा भाग आला. त्यात सुरुवातीलाच ॲबी नावाची तरुणी जोएलला हालहाल करून मारते. पुढचे कितीतरी तास आपण एली होऊन सूडासाठी सिॲटल शहर पालथं घालतो. ॲबीचे साथीदार एकेक करून मारतो. एकाला मारलं की दुसरा त्याच्या नावाने हाक मारून टाहो फोडतो. ॲलिस नावाची एक कुत्री अंगावर येते, तिलाही मारावं लागतं.

आणि मग ॲबी समोर येते तिथे गेम थांबतो, तीन दिवस मागे जातो, आणि आपल्या हाती ॲबीच देतो. आता तेच तीन दिवस तिच्या बाजूने जगायचे. ज्यांना आपण मारलं, ते तिचे मित्र निघतात. ॲलिस तिथे सगळ्यांची लाडकी असते. आणि हॉस्पिटलमध्ये जोएलने मारलेला तो सर्जन ॲबीचा बाप होता, हे कळतं.

पुष्कळ खेळणाऱ्यांना हे सहन झालं नाही. ॲबीचं काम करणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आपल्याकडे निळू फुले पडद्यावर आले की थिएटरमधल्या बायका बोटं मोडायच्या, आणि प्रत्यक्षात तो माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, सामाजिक चळवळींत रमणारा. पडद्यावरचा माणूस आणि खरा माणूस यांची गल्लत जुनीच आहे. बोटं मोडणं आणि धमक्या देणं यांत मात्र फार अंतर आहे.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपल्याकडे कर्ण आहेच. १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली, आणि तेव्हापासून मराठी घराघरांत कर्णाची बाजू घेऊन भांडणं झाली. आपल्या वर्गातही झाली होती, आठवत असेल.

पण इथेच मला एक भीती वाटते. कर्णाचं दुःख खरं आहे. जन्मतः टाकलेला, भर रंगमंडपात कुळावरून हिणवलेला. पण द्यूतसभेत द्रौपदीबद्दल अत्यंत हीन शब्द त्याच्याच तोंडचे आहेत. कर्णासाठी रडताना आपण द्रौपदीला विसरलो, तर आपण फक्त बाजू बदलली, समज वाढली नाही. हल्ली अनेक गेम आणि सिनेमे हेच करतात. खलनायकाच्या बालपणाचं एक करुण दृश्य दाखवलं की हिशोब मिटला. ज्याचं घर त्याने जाळलं, त्याचं नावही कुणी विचारत नाही.

चांगली गोष्ट असं करत नाही. जोएलचं दुःख दाखवताना ती त्या सर्जनची मुलगी आपल्यासमोर उभी करते. ॲबीचं दुःख दाखवताना एलीचं रडणं पुसत नाही. शेवटी एली ॲबीला पाण्यात बुडवता बुडवता सोडून देते. ती तिला माफ करते असं मला वाटत नाही. ती फक्त थांबते. तोवर तिची दोन बोटं गेलेली असतात, आणि जोएलने शिकवलेलं गिटार तिला धड वाजवता येत नाही.

पुस्तकातला किंवा नाटकातला खलनायक आपण लांबून पाहतो. गेममध्ये बटणावर बोट आपलं असतं. त्यामुळे "त्याने असं का केलं?" या प्रश्नाबरोबर "मी हे का केलं?" हाही प्रश्न येतो. मला या माध्यमाचं मोल वाटतं ते यासाठी.

बाई, सर, खरं तर हे तुम्ही आम्हाला गेमशिवायच शिकवलं होतं. मारामारी झाली की तुम्ही दोघांनाही बोलवायचात. आधी "का मारलंस?" असं विचारायचात आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यायचात. ऐकल्यावर शिक्षा मात्र चुकायची नाही. ऐकून घेणं आणि सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वयात कळलं नाही. आज घरात मुलांची भांडणं सोडवताना, ऑफिसात कुणाची तक्रार आली की, आणि आपल्या ग्रुपवर निवडणुकीच्या दिवसांत काही जण एकमेकांशी बोलेनासे होतात तेव्हा, ते पुन्हा पुन्हा लागतं.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी गेम खेळत असेल, तर "बंद कर ते" म्हणण्याआधी एकदा शेजारी बसा आणि विचारा, "यातला वाईट माणूस कोण? आणि त्याला काय वाटत असेल?" उत्तर ऐकून मग बंद करायला सांगा. जेवायची वेळ झालेलीच असते.