वेळेवर रद्द होणारा संदेश



शालेय पाठ्यपुस्तकात डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन अशी साखळी बाणांनी दाखवलेली असते. हे बाण निर्मितीचे असतात. काम संपल्यावर आरएनएचे काय होते, हा प्रश्न मात्र त्या आकृतीबाहेर राहतो. हिस्टोन प्रथिनांच्या बाबतीत त्याच प्रश्नावर पेशीचे आरोग्य अवलंबून असते.

मानवी पेशीतील डीएनए उलगडला तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरेल. तो इवल्याशा केंद्रकात मावतो तो हिस्टोनांमुळे. ८ हिस्टोनांच्या एकेका रिळाभोवती डीएनएच्या सुमारे १४७ आधारजोड्या गुंडाळलेल्या असतात. आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ मध्ये या प्रथिनांचा शोध लावला.

विभाजनापूर्वी पेशी डीएनएची दुसरी प्रत तयार करते. त्या वेळी नव्या धाग्यासाठी नवी रिळे लागतात. ती अपुरी पडली तर प्रत काढण्याचे काम मंदावते. ती उरली तरी धोका असतोच, कारण धनभारित हिस्टोन ऋणभारित डीएनएला नको तेथे चिकटतात. म्हणून हिस्टोनचा संदेशवाहक आरएनए वेळेवर निर्माण व्हावा लागतो आणि वेळेवर नष्टही व्हावा लागतो.

इतर बहुतेक संदेशांच्या शेवटी ॲडेनीनची लांब शेपटी असते. प्रतनिर्मितीच्या काळातील हिस्टोन-संदेशाला ती नसते. त्याचे टोक स्वतःवरच दुमडून केसाच्या पिनेसारखा आकार घेते. एसएलबीपी नावाचे प्रथिन ही पिन धरून ठेवते. संदेशाची योग्य जागी छाटणी, केंद्रकाबाहेरचा प्रवास आणि प्रथिननिर्मिती या तिन्ही टप्प्यांत ते साहाय्य करते.

डीएनएची प्रत पूर्ण झाली की याच टोकापासून संदेशाचा अंत सुरू होतो. टोकाला यूरिडीनचे काही घटक जोडले जातात. ही खूण पटताच विघटन करणारी प्रथिने तेथे जमतात आणि संदेश दोन्ही टोकांकडून नष्ट होतो. प्रयोगात हायड्रॉक्सियुरिया देऊन प्रतनिर्मिती मध्येच थांबवली, तरी हे संदेश झपाट्याने नाहीसे होतात. म्हणजे पेशी केवळ ठरलेल्या वेळेची वाट पाहत नाही. प्रत्यक्ष गरज संपली की संदेशही संपवते.

नवा संदेश निघणे जितके आवश्यक, तितकेच जुना संदेश वेळेवर रद्द होणेही आवश्यक असते. पाठ्यपुस्तकातील त्या साखळीच्या शेवटी विघटनाचा आणखी एक बाण काढला, तरच जीवनाचे ते चित्र पूर्ण होईल.