हात वर करायचा

फौजेत ३४ वर्षं काढली, पण दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलो की आजही तळहातांना घाम फुटतो. एकदा खालची दाढ सुजलेली, इंजेक्शन देऊनही कळ थेट मस्तकात गेली. मी गप्प. फौजी ना! शुद्ध मूर्खपणा. सुजलेल्या जागी आम्लता वाढते, तिथं लिडोकेन नीट काम करत नाही. तुम्ही भित्रे आहात म्हणून दुखतं, असं नाही.

आता मी आधीच सांगतो, "डॉक्टर, मला भूल पटकन चढत नाही." दहा-पंधरा मिनिटं थांबतो, लागलंच तर आणखी एक इंजेक्शन. आणि डावा हात वर केला की मशीन बंद, हे ठरवून घेतो. परवा रूट कॅनलच्या वेळी दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा मशीन थांबलं.