सल्लागार समितीवरील सभासद आणि त्याचें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेंतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं झालेल्या कार्याचा गौरव करावा, ही आपली जुनी रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु आजच्या भाषणासाठीं मीं जो विषय निवडिला आहे, तो गौरवाचा नसून कर्तव्याचा आहे. अपंग बंधुभगिनींच्या हिताचा विचार करण्यासाठीं सरकार कायद्यानें मंडळें व समित्या नेमितें, आणि त्यांवर अधिकाऱ्यांच्या बरोबरीनें तुमच्याआमच्यांतलीं बिनपगारी माणसें बसवितें. अशा जागेविषयीं आपल्यांतील एखाद्यास विचारणा झाली असतां बहुधा दोन प्रकारचीं उत्तरें ऐकूं येतात. एक म्हणतो, "तेथें आमचें कोण ऐकतो? नुसता सल्लाच तो!" दुसरा मानाची जागा म्हणून ती आनंदानें पत्करितो आणि हजेरीपटावर सही करून घरीं येतो. दोघांनींही एक गोष्ट पाहिलेली नसते, ती म्हणजे ती जागा कशासाठीं निर्माण झाली. तीच आज आपण पाहूं.

ही जागा कोणाच्या उदारपणानें मिळालेली नाहीं. १९९१ सालीं आपल्या देशांत जनगणना झाली, तींत अपंग किती आहेत हा प्रश्नच विचारला गेला नव्हता. ज्यांची मोजदादच नाहीं, त्यांचा सल्ला कोण घेणार? पुढें डिसेंबर १९९५ मध्यें दिल्लींत अपंग स्त्रीपुरुष आपल्या हक्कांच्या मागणीसाठीं रस्त्यावर आले. त्यांच्या पुढाऱ्यांपैकीं जावेद आबिदी हे स्वतः चाकांच्या खुर्चीवरून हिंडणारे गृहस्थ होते. त्याच महिन्यांत संसदेनें अपंगांना समान संधि देणारा कायदा संमत केला, व तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलांत आला. त्या कायद्यान्वयें प्रत्येक राज्यांत एक समन्वय समिति नेमावयाची होती, आणि तींत अपंगांच्या संस्थांचे ५ प्रतिनिधि, शक्य तों स्वतः अपंग असलेले, घ्यावयाचे होते. २००१ च्या जनगणनेंत अपंगांची गणतीही पुन्हां सुरू झाली.

२००६ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें अपंगांच्या हक्कांविषयींचा करार मान्य केला, आणि भारतानें २००७ सालीं त्यास संमति दिली. अपंगांसंबंधीं कायदे व धोरणें ठरवितांना खुद्द अपंगांच्या संघटनांशीं विचारविनिमय केला पाहिजे, हें त्या करारानें सरकारावर घातलेलें बंधन आहे. त्यास अनुसरून दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा झाला व १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वीच्या कायद्यांत अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ह्यांत २१ आहेत. जुन्या समन्वय समितीच्या जागीं राज्य सल्लागार मंडळ आलें. त्याचा अध्यक्ष मंत्री असतो. खात्यांचे सचिव, विधिमंडळाचे सभासद व तज्ज्ञ त्यावर असतात. आणि अपंगांच्या संस्थांचे ५ ऐवजीं १० प्रतिनिधि, शक्य तों स्वतः अपंग असलेले, असावे असें कायदा सांगतो. त्या दहांत निदान ५ स्त्रिया असाव्या, तसेंच अनुसूचित जाति व अनुसूचित जमाति यांपैकीं प्रत्येकी निदान एक सभासद असावा, अशी अटही आहे.

आतां ह्या मंडळाचा अधिकार किती? धोरणाविषयीं सरकारास सल्ला देणें, निरनिराळ्या खात्यांच्या कामाचा आढावा घेणें, इमारती व वाहनें अपंगांस वापरतां यावींत म्हणून शिफारशी करणें, आणि कायद्याचा परिणाम प्रत्यक्ष काय झाला हें तपासणें, एवढें त्याचें काम. मंडळास कोणा अधिकाऱ्याची बदली करितां येत नाहीं कीं तिजोरींतील एक पैसा मंजूर करितां येत नाहीं. शिवाय नेमलेल्या सभासदाची मुदत ३ वर्षांची, आणि बैठक ६ महिन्यांतून निदान एकदां. म्हणजे सभासदाच्या वांट्यास कायद्यानें खात्रीच्या अशा ६ बैठका येतात. ३ वर्षांत ६ बैठका! बैठकीच्या दिवशीं सकाळीं विचार करूं, असें म्हणणाऱ्याचे हे दिवस चहापानांतच संपून जातील. ज्यास कांहीं करावयाचें असेल, त्याचें काम दोन बैठकींच्या मधल्या काळांत झालें पाहिजे. मागील इतिवृत्त मागवून वाचणें, आपल्या शिफारशीचें पुढें काय झालें हें लेखी विचारणें, आणि आपलें म्हणणें इतिवृत्तांत नोंदविलें गेलें कीं नाहीं हें पाहणें, हीं कामें दिसण्यांत क्षुद्र आहेत. परंतु तोंडी दिलेला सल्ला सभागृहाबाहेर पडतांच विरून जातो. कागदावर आलेल्या सल्ल्यास केव्हां ना केव्हां उत्तर द्यावें लागतें.

सल्ला आणि सक्ती यांत अंतर आहे, हें खरें. परंतु तें अंतर कोणीतरी नेटानें धरून बसल्याशिवाय कमी होत नाहीं. ह्याचें एक अलीकडील उदाहरण पाहा. राजीव रतुरी ह्या अंध गृहस्थांनीं रस्ते, इमारती व वाहनें अपंगांस वापरतां येण्याजोगीं करावींत म्हणून सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली होती. नियम होते, मार्गदर्शक सूचनाही पुष्कळ होत्या. मात्र त्या पाळणें न पाळणें बव्हंशीं ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतें. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे नियम पुरेसे नाहींत. कांहीं किमान नियम सक्तीचेच असले पाहिजेत. एका माणसाच्या वर्षानुवर्षांच्या चिकाटीनें जें येथवर आणिलें, तें पुढें गांवोगांव अमलांत येतें कीं नाहीं हें पाहणें समितीच्या सभासदाचें काम आहे.

राज्य मंडळाखालीं जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हास्तरीय समिति नेमण्याची तरतूद त्याच कायद्यांत आहे. आपला वसई तालुका पालघर जिल्ह्यांत मोडतो. १ ऑगस्ट २०१४ रोजीं हा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. ह्या एकाच जिल्ह्यांत वसई-विरारसारखी दाट वस्ती आहे आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगरपाडेही आहेत. वसईचा मनुष्य जिल्ह्याच्या समितीवर बसला, तर त्यानें मोखाड्याचाही विचार केला पाहिजे. अपंगत्व निदान ४० टक्के असल्याचें वैद्यकीय प्रमाणपत्र असल्याशिवाय नोकरींतील राखीव जागेसारख्या सवलती मिळत नाहींत. मग तपासणीचें शिबिर कोठें भरतें? त्या दिवशीं पाड्यावरून एस्. टी. आहे काय? ज्याला उचलून आणावें लागतें, त्याला किती वेळां बोलावितात? आपल्या राज्यांत स्थानिक संस्थांनीं स्वतःच्या उत्पन्नांतून ५ टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठीं खर्च करावी असा नियम आहे. मग आपल्या ग्रामपंचायतीची वा नगरपालिकेची ती रक्कम किती झाली आणि कशावर खर्च झाली? हे प्रश्न विचारण्यास विद्वत्ता लागत नाहीं. सरकारी दवाखान्यास चाकांच्या खुर्चीसाठीं उताराची वाट केली, असा अहवाल आला तर सभासदानें मोजपट्टी घेऊन तेथें जावें. एक फूट चढण्यास बारा फूट लांबीचा उतार लागतो, हें प्रमाण त्यास ठाऊक असावें. आणि उतार ठीक असून वरच्या दारास उंच उंबरा तर नाहीं ना, हेंही त्यानें पाहावें.

येथवर मीं सल्ल्याची गोष्ट केली. परंतु आणखी एक समिति अशी आहे कीं, तिच्यावरील स्वयंसेवक केवळ सल्ला देत नाहीं, तर निर्णयाचा वांटेकरी होतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठीं १९९९ सालीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्या कायद्यान्वयें नेमलेल्या स्थानिक समितींत तिघे असतात: जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधि, आणि एक अपंग व्यक्ति. अशा व्यक्तीस वयाच्या १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून देण्याचें काम ह्या तिघांकडे आहे. "आमच्यामागें ह्याचें काय होणार?" हा आपल्या अनेक घरांतील आईबापांचा प्रश्न ह्याच टेबलावर येतो.

बंधुभगिनींनो, ह्या कामाचें गांभीर्य ध्यानांत घ्या. एका वयांत आलेल्या माणसाच्या वतीनें निर्णय घेण्याची सत्ता दुसऱ्याच्या हातीं द्यावयाची आहे. त्यांत प्रेम असतें, तसाच कधीं कधीं जमिनीचा तुकडाही असतो. म्हणूनच कायदा समितीला आधीं दोन गोष्टी विचारण्यास सांगतो: ह्या व्यक्तीस पालकाची खरोखर गरज आहे काय, आणि असल्यास कोणत्या कामापुरती? नेमलेल्या पालकानें ६ महिन्यांच्या आंत मिळकतीची यादी सादर केली पाहिजे, आणि दरवर्षीं हिशेब दिला पाहिजे. त्यानें हयगय केली किंवा छळ केला, तर नातेवाइकांस वा नोंदलेल्या संस्थेस त्यास दूर करण्याची मागणी करितां येते. पुढें २०१६ च्या कायद्यानें मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडिली. ठराविक निर्णयापुरतें, ठराविक मुदतीचें, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेस धरून दोघांनीं मिळून निर्णय घ्यावयाचा, असें त्याचें स्वरूप आहे. ह्या साऱ्या तरतुदी पुस्तकांत आहेत. त्या बैठकीच्या खोलींत आणावयाच्या कोणी? अधिकाऱ्यापुढें त्या दिवशीं दहा प्रकरणें असतील. संस्थेचा प्रतिनिधि थकलेल्या आईबापांकडे पाहून लवकर सही करूं इच्छील. अशा वेळीं तिसऱ्या खुर्चीवरील अपंग सभासद थांबून म्हणूं शकतो, "ज्याच्याविषयीं आपण ठरवीत आहों, त्याच्याशीं मला आधीं बोलूं द्या." त्याला शब्द येत नसतील, तरी आवडनिवड, भीति, ओढ हीं कळण्याचे मार्ग असतात. ज्याच्याविषयीं आयुष्यभर इतरांनींच ठरविलें आहे, त्याला हा प्रश्न सुचण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. कायद्यानें तिसरी खुर्ची ठेविली, तिचें मोल मला येथें दिसतें.

यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तिमयाची गोष्ट आपण सर्व जाणतां. त्याला काय हवें होतें हें गर्दींतल्या लहान मुलासही कळलें असतें. तरी प्रभूनें त्याला जवळ बोलावून आधीं त्याचीच इच्छा विचारली. गर्दी मात्र त्याला गप्प बसवीत होती. समितीवरील आपली जागा त्या गर्दीची होऊं नये, एवढें आपल्याला जपावयाचें आहे.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. अपंग सभासदही सर्व अपंगांचा आपोआप प्रतिनिधि होत नाहीं. अंधास काठीनें वाट कळावी म्हणून बसविलेल्या उंचवट्याच्या फरशीवरून चाकांची खुर्ची खडखडत जाते. बहिऱ्याची अडचण अंधास दिसत नाहीं आणि अंधाची अडचण बहिऱ्याच्या कानीं पडत नाहीं. सन २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत २९ लाखांहून अधिक अपंग मोजले गेले; पण ती गणती ८ प्रकारांची होती आणि कायदा आज २१ प्रकार मानितो. तेव्हां आंकड्यांवर विसंबून न राहतां घरोघर जाऊन विचारणें, हाच सभासदाचा खरा अभ्यास होय. त्याचप्रमाणें अंध सभासदास कागदपत्रें त्याला वाचतां येतील अशा स्वरूपांत आगाऊ मिळालीं नाहींत, किंवा बहिऱ्या सभासदासाठीं सांकेतिक भाषेचा दुभाषा आणिला नाहीं, तर तो सभेंत बसूनही गैरहजरच राहतो. अशी सोय मागणें हा उपकार मागणें नव्हे.

अपंगांना काय सल्ला देतां येणार, अशी शंका ज्याच्या मनांत असेल त्यानें कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचें 'चाकाची खुर्ची' हें आत्मचरित्र वाचावें. तरुणपणींच पायांतलें बळ गेलेल्या ह्या बाईंनीं १९८४ सालीं अपंगांसाठीं संस्था उभारिली आणि ती नांवारूपास आणिली.

शेवटीं माझें मागणें एवढेंच आहे. अशा जागेसाठीं आपल्या धर्मग्रामास विचारणा झाली, तर धडधाकट प्रतिष्ठितांचीं नांवें सुचविण्यापूर्वीं आपण आपल्या अपंग बंधुभगिनींची दारें ठोठवावीं. आणि त्यांच्यापैकीं कोणी ती जागा पत्करली, तर आपल्याही वांट्यास काम येईल: कोणी कागद वाचून दाखवावा, कोणी पत्र लिहून द्यावें, कोणी पालघरपर्यंत सोबत जावें आणि सभागृहाच्या दाराशीं थांबावें. आंत जाऊन बोलण्याचें काम मात्र त्यांचें त्यांनाच करूं द्यावें.