आधी वजन, मग इंजिन



ट्रॅक्टर म्हणजे काय हे वैरागच्या लोकांना सांगायला मी आलेलो नाही. उसाच्या हंगामात मागं दोन ट्रॉल्या लावून, रात्रभर गाणी वाजवत जाणारे ट्रॅक्टर तुम्ही झोपेत ओळखता. नुसत्या आवाजावरून कंपनी सांगणारी पोरं इथं पुढच्याच रांगेत बसलीत. त्यांना एकच विचारतो. घरचा जुना, ३५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर ओढण्याच्या स्पर्धेत उतरवायचा, तर पहिला हात कशाला घालणार?

आलं की नाही उत्तर! "पंपाचं डिझेल वाढवायचं." आयुष्य गॅरेजात काढलं, पण याहून वेगळं उत्तर मी क्वचितच ऐकलं. काळा धूर निघाला की माणसाला वाटतं, जोर आला.

आपण थोडा हिशोब करू, उदाहरणापुरता. ट्रॅक्टर २,००० किलोचा धरा. त्यातलं १,३०० किलो मागच्या चाकांवर, ७०० पुढच्या. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर १.९ मीटर. घट्ट मातीत चाकावर जेवढा भार, त्याच्या साधारण सात दशांश पकड मिळते असं समजा. हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंच असेल, तर हा ट्रॅक्टर अकराशे किलोच्या आसपास ओढ देतो आणि मग चाक मोकळं फिरायला लागतं. एवढी ओढ द्यायला ३५ हॉर्सपॉवर ताशी सहा किलोमीटरच्या चालीला पुरून उरतात. म्हणजे हळू गिअरात चाक इंजिनाच्या आधी हरतं. तुम्ही इंजिन दुप्पट केलंत, तर चाक दुप्पट जोरात जागेवर फिरेल. हॉर्सपॉवरनं चाल वाढते. ओढ वाढते ती चाकावरच्या भारानं.

आता तोच हूक एक मीटरवर न्या. १,३३० किलो ओढीलाच पुढची चाकं जमीन सोडतात, आणि चाक मात्र अजून घसरायला तयार नाही. मग ट्रॅक्टर मागं उलटतो. हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी पाहिलं ते भोगावतीकाठच्या रानात. पावसानं काळी माती लोण्यासारखी झालेली, उसाची ट्रॉली एक्सलपर्यंत रुतलेली. घाईत साखळी वरच्या टॉप लिंकच्या जागी अडकवली, का, तर तिथं हात लवकर पोचला. क्लच सोडला आणि बोनेट आभाळाकडं गेलं. चालकानं क्लच दाबला म्हणून वाचला. चालक मीच होतो. त्या दिवसापासून साखळी खालच्या ड्रॉबारलाच.

आता स्पर्धेकडं येऊ. अमेरिकेत ट्रॅक्टरनं वजन ओढण्याच्या स्पर्धा १९२९ पासून आहेत. मिसूरीतलं बोलिंग ग्रीन आणि ओहायोतलं व्हॉन्सव्हिल ही सुरुवातीची गावं. १९६९ साली तिथं राष्ट्रीय संघटना झाली, नियम एक झाले. आधी घोड्यांनी ओढायच्या लाकडी फळीवर वाटेत माणसं चढत जायची, तसा भार वाढायचा. आता खास घसरगाडी असते. तिच्या मागच्या चाकांवर वजनाची पेटी असते. ट्रॅक्टर पुढं निघाला की गाडीची चाकं फिरतात, त्यांच्या फिरण्यानं साखळी ती पेटी पुढं आणते, आणि पुढचा लोखंडी तळ जमिनीत दाबला जातो. जितकं पुढं जावं तितकं जड. पूर्ण धाव साधारण ३०० फूट, आपल्या मापानं ९१ मीटर. बहुतेक वर्गांत हूक २० इंचांपेक्षा उंच चालत नाही. कारण आत्ताच सांगितलं.

आपल्याकडं पंजाब-हरियाणात टोचन चालतं. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ, मध्ये साखळी. गर्दी खूप जमते, पण मला ते पटत नाही. तिथं मापच नाही. काहीतरी तुटेपर्यंत किंवा एखादा ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा होईपर्यंत चालायचं. (२०२३ च्या ऑक्टोबरात पंजाबात ट्रॅक्टरच्या कसरतीत एक तरुण गेला आणि सरकारनं अशा कसरतींवर बंदी घातली. तो टोचनाचा खेळ नव्हता, पण हौस त्याच घरातली.) त्यापेक्षा बेळगाव-चंदगडकडं बैलजोड्या लाकूड ओढतात ती शर्यत शहाणी. ओंडका सगळ्यांना तोच, अंतर मोजायला पट्टी. घसरगाडी म्हणजे तोच ओंडका, फक्त वाटेत वजन बदलणारा.

आणि वजनाचा विचार आपल्या बार्शी तालुक्याला नवा नाही. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेत एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरनं नियम घातला होता: इंजिन असो की डबा, एका एक्सलवर पाच टनांहून जास्त भार नाही. मग अडीच फुटी रुळावर ओढ आणायची कुठून? त्यानं ओढीचा भार चार एक्सलवर वाटला आणि त्यांची आठही चाकं एकमेकांना जोडून त्यांना वाफेचा जोर दिला. बॉयलर मोठा करून हे काम झालं नसतं.

तर पोरांनो, जुन्या ट्रॅक्टरला हात घालायचा क्रम सांगतो. पुढं मजबूत फ्रेम, जितकी लांब नियमात बसेल तितकी, आणि तिच्या टोकाला वजनं. ऐकायला उलटं वाटतं, पण पुढं टांगलेलं लोखंड ट्रॅक्टरला उभा होऊ देत नाही, आणि ओढताना पुढची चाकं वीतभर तरंगली की सगळा भार मागच्या चाकांवर उतरतो. वजन किती आणि कुठं, हे जोखायला एक दिवस मैदानात घालवा. मागं उलटू नये म्हणून दोन आधारदांडे. टायरमधली हवा कमी-जास्त करून बघा. फार कमी केली तर टायर रिमवर फिरतो आणि व्हॉल्व्ह उपटून येतो. फ्लायव्हील आणि क्लचभोवती जाड पोलादी कवच, कारण जास्त फेऱ्यांना ओतीव लोखंड फुटलं की तुकडा थेट सीटकडं येतो. आणि एक दोरी: ट्रॅक्टर घसरगाडीपासून सुटला की ती ओढली जाऊन इंजिन बंद झालंच पाहिजे. डिझेल इंजिनाची हवा कोंडणारी झडप बसवा, नुसत्या स्विचवर विसंबू नका. बेफाम झालेलं डिझेल इंजिन स्विचला जुमानत नाही.

पंपाला हात यानंतर. जुन्या ट्रॅक्टरांच्या वर्गात कित्येक ठिकाणी वेगावरच मर्यादा असते, तिथं तर तोही लागत नाही.

असा ट्रॅक्टर रस्त्यावर मात्र आणायचा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगीशिवाय बदल करू देत नाही. मैदानापर्यंत तो ट्रेलरवर जाणार, आणि कामाचा ट्रॅक्टर कामालाच राहणार.

माझ्या शेडात एक जुना उभा आहे. गेल्या दिवाळीपासून त्याच्या पुढच्या फ्रेमचं वेल्डिंग चाललंय. इंजिन अजून खोललेलं नाही. उद्या सकाळी दहाला या, वजनं टांगून बघू. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं लागतील, एकट्यानं उचलत नाहीत.